एक शिपाई, नव्वद जवान

2024 च्या दिवाळीतली गोष्ट. अभ्यंगस्नान उरकून मी पहिल्या चकलीला हात घातला आणि फोन वाजला.

"सर, शाळा तुमच्याच ताब्यात ना? उद्या एक कंपनी येतीय."

"कुठली कंपनी?"

"केंद्रीय दलाची हो. इलेक्शनची. नव्वद माणसं धरून चला. खोल्या मोकळ्या, लाइट-पाणी-संडास चालू पाहिजे. पत्र पाठवतोच."

पत्र चौथ्या दिवशी आलं. त्यावर लाल शाईत 'तात्काळ' असं लिहिलं होतं. कंपनी मात्र फोन आला त्याच रात्री तीन वाजता येऊन थडकली होती.

मी सोलापुरातल्या एका प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक. पहिली ते सातवी, आठ खोल्या. 20 नोव्हेंबरला राज्याच्या 288 जागांचं मतदान एकाच दिवशी, त्यामुळे जवान सगळ्या शहरांना एकाच वेळी हवे, आणि जवान म्हटले की शाळा हव्यात. मी फोनवर मंगल कार्यालयं सुचवून पाहिली. पण तुळशीचं लग्न लागलं की कार्यालयं माणसांच्या लग्नांना लागतात, मुलीचे बाप वर्षभर आधी आगाऊ रक्कम भरून बसलेले. शाळेला आगाऊ कोण देणार?

गंमत म्हणजे आमच्या सोलापूरला स्वतःचं राज्य राखीव पोलीस बल आहे. गट क्रमांक 10, सोरेगाव. आमच्या शेजारचे जमादार त्यातलेच. त्यांना चारच दिवसांपूर्वी बंदोबस्तासाठी दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलेलं. म्हणजे आमचे तिकडे आणि कुठले कुठले इकडे.

रात्री तीन वाजता बसमधून आधी लोखंडी ट्रंका उतरल्या, मग बिस्तरे, मग डेगची, मग माणसं. झोपाळलेल्या आवाजात हवालदार मेजरांनी विचारलं, "मास्टरजी, आपके पास कितने सिपाही हैं?"

"एक," मी म्हणालो.

"एक? बाकी?"

"बाकीची पदं रिक्त आहेत."

आमचा तो एकमेव शिपाई, ज्याला सगळी शाळा मामा म्हणते, बनियनवर उभा राहून बाक ओढत होता. त्याने कमरेवर हात ठेवून नव्वद जणांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "सर, ह्ये समदे शिपाई हायत व्हय? मग बाक उचलायला मी एकलाच कशाला?" बोलणं रास्त होतं. दहा मिनिटांत आठ खोल्यांतले बाक व्हरांड्यात. (जाताना त्यांनी ते परत लावूनही दिले, दोरी धरल्यासारखे सरळ. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मुलं घाबरून ताठ बसली होती.)

मला वाटलं, आता चहा विचारतील. पण पहिला प्रश्न आला, "कोत कहाँ बनेगा?" मी म्हणालो, कोट कशाला, थंडी कुठंय? मग कळलं, कोत म्हणजे शस्त्रं ठेवायची खोली. एकच दार हवं, खिडकीला गज हवेत, कुलूप दणकट हवं. अशी खोली आमच्याकडे एकच, शालेय पोषण आहाराच्या तांदळाची. ग्रंथालयाला कडीसुद्धा धड नाही, पण तांदळाच्या खोलीला दोन कुलपं, कारण पुस्तक हरवलं तर कुणी विचारत नाही, तांदूळ किलोभर कमी भरला की खुलासा लिहावा लागतो. तर रायफली तांदळाच्या खोलीत गेल्या आणि तांदूळ माझ्या खोलीत आला. तीन आठवडे मी पोत्यांच्या मधोमध बसून सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदळाचं नोंदवही-रजिस्टर घ्यायला सवयीने जुन्या खोलीकडे वळलो, तर पहाऱ्यावरच्या जवानाने माझ्याच शाळेत मला "थम!" म्हणून उभं केलं. रजिस्टर तीन आठवडे आतच राहिलं. इतका चोख बंदोबस्त त्याला जन्मात मिळाला नव्हता.

संडासांबद्दल थोडक्यात सांगतो, नाही तर लेख तिथेच तुंबेल. चार संडास, भांडी पहिलीच्या मुलांच्या मापाची. मुताऱ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. पाचवीला मी काळ-काम-वेग शिकवतो. नव्वद माणसं, चार भांडी, माणशी पाच मिनिटं, तर शेवटच्या माणसाचा नंबर कधी? उत्तर जवळजवळ दोन तास. पाचला फॉल इन असेल तर पहिल्याने तीनला उठायचं. ते उठायचे.

खरं दुखणं पाण्याचं. आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतं असं सरकारी मानक सांगतं. नव्वद जणांचं होतं 12,150 लिटर. गच्चीवरची टाकी 2,000 लिटरची, आणि नळाला परवाच पाणी येऊन गेलेलं. टँकर मागवला. तो बोळात शिरताना तीन आकाशकंदील घेऊन आला आणि त्याचा पाइप गच्चीपर्यंत पोचेना. शेवटी खिचडीची पातेली हातोहात देत जिन्यावर जवानांची रांग उभी राहिली. त्यातला एक जण आधी हिमालयात राहून आलेला. पातेलं माझ्या हातात देत म्हणाला, "वहाँ बर्फ पिघला लेते थे मास्टरजी. यहाँ क्या पिघलाएँ?"

मी इतिहास शिकवतो. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, हा माझा आवडता धडा. 'शहरात लष्कर दाखल झाले' हे वाक्य मी तीस वर्षं खडूने फळ्यावर लिहितोय. ते लष्कर रात्री झोपलं कुठे, कुणाच्या विहिरीवर आंघोळीला गेलं, हे ना मी कधी विचारलं ना एखाद्या पोराने. प्रश्नपत्रिकेत त्याला अर्धा गुणही नाही. सैन्य पोटावर चालतं म्हणतात. माझ्या मते पोटाच्या आधी ते नळावर चालतं.

विजेचं असं की खोलीत प्लग एकच आणि मोबाइल अकरा-बारा. मामाने घरून, मेहुण्याकडून, गणपती मंडळाकडून एक्स्टेंशन जमवली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुसरी 'ब'च्या वर्गात डोकावलो. चार्जरची वायर जेमतेम हातभर, त्यामुळे एक उंच जवान बोर्डाशी कंबरेत वाकून उभा होता आणि व्हिडिओ कॉलवर मुलीला खडूने काढलेली रांगोळी दाखवत होता. खडू माझ्याच टेबलावरचे. मागे फळ्यावर सुट्टीआधीचा सुविचार तसाच होता. मी काही न बोलता परत फिरलो. त्याच क्षणी फ्यूज उडाला.

मतदानाच्या आदल्या रात्री साडेअकराला फोन. शेजारचे जमादार.

"सर, झोपला नाही ना? आम्हाला इथं एका शाळेत टाकलंय. टाकीचा व्हॉल्व्ह सापडेना. शाळेत कुठं असतो हो?"

"तिथल्या सरांना विचारा की."

"उचलत नाहीत."

"शिपायाला?"

"एकच आहे. तो बाक लावतोय."

मी क्षणभर विचार केला. "जिन्याखाली बघा. मोडक्या घसरगुंडीच्या मागे."

पलीकडे काहीतरी लोखंडी सरकवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ शांतता.

"सापडला सर. फिरवलाही." थोडं थांबून ते म्हणाले, "पाणी नाहीये."