‘फायनान्स म्हणजे नुसती सूत्रं’ म्हणणाऱ्यांना

सेमिस्टर संपत आलं की कॉमर्सच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘फायनान्स म्हणजे नुसती सूत्रं. ती पाठ करा, सोडवलेली उदाहरणं दोनदा वाचा, एकेक धडा हातावेगळा करा. दहा दिवस पुरतात.’ मी हा विषय शिकवते. या सल्ल्यावर विसंबून पेपरात अडकलेली हुशार मुलं दरवर्षी बघते, म्हणून लिहितेय.

सूत्रं पाठ हवीतच. पण गुण जातात ते सूत्रात काय भरायचं, तिथे. १० लाखांचं मशीन घ्या. आयुष्य ५ वर्षं, भंगाराची किंमत शून्य. घसारा आणि कर धरण्याआधी दरवर्षी ३ लाख मिळतात. सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे दरवर्षी सारखा, घसारा (वापराने मशीनच्या किमतीत होणारी घट) २ लाख, उरलेल्या १ लाखावर ३० टक्क्यांनी ३० हजार कर, नफा ७० हजार. मुलं इथेच थांबतात आणि ७० हजार पुढे नेतात. अरे, घसाऱ्याचे पैसे कुणाला दिलेच नाहीत! कर काढण्यापुरता तो वजा केला होता, तेव्हा ते २ लाख नफ्यात परत मिळवायचे. दरवर्षीची रोकड २ लाख ७० हजार. १० टक्के दराने पाच वर्षांचा गुणक (पाच वर्षं दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाचं आजचं एकूण मूल्य) ३.७९०८, म्हणजे आजचं मूल्य साधारण १० लाख २३ हजार ५००. मशीन घ्यावं. ७० हजार धरले, तर तेच मशीन सात लाखांहून जास्त तोट्याचं दिसतं. सूत्र दोन्हीकडे एकच आहे.

त्यात प्रश्नात ‘कर्ज काढून मशीन घेतलं’ असं वाक्य आलं की मुलं रोकडीतून व्याजही वजा करतात. ते चूक. डिस्काउंट रेटमध्ये, म्हणजे पुढचे पैसे आजच्या मूल्यात आणणाऱ्या त्या १० टक्के दरात, ते आधीच धरलेलं असतं.

सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं, कारण प्रत्येक निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून उत्तर झाका, कोऱ्या कागदावर सोडवा आणि अडलात तर फक्त पुढची एक ओळ उघडा.

एकेक धडा हातावेगळा करण्यात तोटा असा, की ‘कॅपिटल बजेटिंग’ (मशीनसारखी मोठी गुंतवणूक करावी की नाही ते ठरवणं) या मथळ्याखालचं गणित कशाचं आहे हे मथळाच सांगतो. पेपरात मथळा नसतो. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये घनफळाच्या गणितांवर हेच तपासलं: आठवड्यानंतरच्या चाचणीत, वेगवेगळ्या प्रकारची गणितं मिसळून सराव केलेल्यांना ६३ टक्के, एका प्रकारची सगळी गणितं सलग सोडवलेल्यांना २० टक्के.

राहिले दहा दिवस. पैशाचं कालमूल्य (आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा, हे तत्त्व) कच्चं असेल तर बाँडची, म्हणजे कर्जरोख्याची, किंमत कळत नाही, बाँड कळला नाही तर भांडवलाचा खर्च (धंद्यात पैसा घालणाऱ्यांना द्यावा लागणारा परतावा) अडतो. सगळं एकात एक गुंतलेलं आहे. हातालाही सवय लागते. १२ टक्के दरासाठी साध्या कॅल्क्युलेटरवर १ ÷ १.१२ करून बरोबरचं चिन्ह दाबत गेलं की ०.८९२९, ०.७९७२, ०.७११८ असे एकेका वर्षाचे गुणक येत जातात; जीटी (ग्रँड टोटल) हे बटण दाबलं की बेरीज २.४०१८. हे परीक्षेच्या हॉलमध्ये शिकता येत नाही.

माझ्या वर्गातली मुलं लेक्चरच्या दिवशीच संध्याकाळी दोन गणितं सोडवतात आणि चुकलेलं गणित धड्याचं नाव न लिहिता चिठ्ठीवर उतरवतात. रविवारी डब्यातून पाच चिठ्ठ्या निघतात. बरोबर सुटलेली बाहेर, चुकलेली परत डब्यात.