‘टूर करून आलं की कोणीही लिहितं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय (की महोदया? नावाच्या जागी ‘एक वाचक’ एवढंच आहे, म्हणून विचारलं),

नाईलकाठच्या औषधी फुलांवरच्या माझ्या लेखाखाली (प्राचीन इजिप्तमध्ये ही फुलं औषध म्हणून वापरत, असं मी त्यात म्हटलं होतं) तुम्ही रात्री पावणेएकला टाकलेली प्रतिक्रिया सकाळी चहाबरोबर वाचली. चहा तसाच राहिला.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मी ज्याला कमळ म्हटलं ते कमळच नव्हे. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या ममीवर मिळालेले कॅमोमाइलचे परागकण मृतदेह टिकवण्याच्या सामानातले असणार, त्यावरून जिवंत रोग्याला ते फूल देत असत असं ठरत नाही. एबर्स पपायरस या प्राचीन इजिप्शियन वैद्यकीय भेंडोळ्यातल्या कितीतरी वनस्पतींची ओळख अजून पटलेली नाही. आणि शेवटी: “आठ दिवसांची टूर करून आलं की हल्ली कोणीही इजिप्तवर लिहितं.”

पहिलं मान्य. इजिप्शियन लोक ज्याला ‘सेशेन’ म्हणत ते निळं फूल म्हणजे कुमुद, पाण्यातली लिली. खरं कमळ तिकडे पोचलं ते फार उशिरा, इराण्यांच्या काळात. लेखात दुरुस्ती केली आहे. पण एवढ्यावरून ‘प्राथमिक चूक’ वगैरे? आपल्याकडे कुंपणावर चढणाऱ्या वेलीला कृष्णकमळ म्हणतात आणि गॅलरीतल्या कुंडीत रात्री फुलणाऱ्या निवडुंगाला ब्रह्मकमळ. त्या फुलाचे फोटो रात्री बारा वाजता ग्रुपवर टाकणाऱ्यांना तुम्ही कधी प्राथमिक चूक दाखवली आहे का?

आता टूरबद्दल. आठ नव्हे, अकरा दिवसांची होती. आणि माझे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते: लक्सरच्या पश्चिम काठावर नख्त नावाच्या प्राचीन इजिप्शियन लेखनिकाच्या थडग्यात उतरले तेव्हा आमचा बाकी ग्रुप दगडी फुलदाण्यांच्या दुकानात घासाघीस करत होता. खोली आपल्या देवघराहून थोडी मोठी. काचेमागे भिंतीवर मेजवानीला बसलेल्या बायका, कपाळावर फुलं, हातात फुलं. त्यातली एक मागे वळून शेजारणीच्या नाकाशी फळ धरते. मॅन्ड्रेकचं फळ आहे ते, गुंगी आणणाऱ्या झाडाचं. मी वीस मिनिटं तिथे उभी होते. गाईड दोनदा बोलवायला आला. हे ‘टूर करणं’ असेल तर असो.

आणि मी या विषयाकडे टूरवरून आलेली नाही. माझे आजोबा कोकणात वैद्यकी करत. लाल शाईत रोगाचं नाव, खाली काळ्या शाईत औषध, अशी त्यांची वही होती. धने सांजेला भिजवून रात्रभर ओसरीवर ठेवायचे, सकाळी फडक्याने गाळायचे. याला हिम म्हणतात, आणि तो गाळायचं काम सातव्या वर्षापासून माझ्याकडे होतं. एबर्स पपायरसच्या भाषांतरात मी पहिल्यांदा वाचलं, ‘रात्रभर दवात ठेवावे, गाळावे, चार दिवस प्यावे’, तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. इ. स. पूर्व १५५० च्या सुमारास लिहिलेलं, २० मीटरच्या आसपास लांबीचं, ८७७ परिच्छेदांचं ते भेंडोळं, आणि त्यातही मथळे लाल शाईत! जॉर्ज एबर्सने ते १८७३ च्या सुमारास लक्सरला विकत घेतलं, आज लाइपझिगला आहे. त्यात १/८, १/३२, १/६४ अशी मापं आहेत. १/६४ भाग मोजणारा माणूस देवाला फूल वाहत नसतो, तो औषध करत असतो. हे समजायला पदवी लागत नाही, गाळणी हातात धरलेली असावी लागते. तुम्ही कधी धरली आहे?

मंत्रही आहेत त्यात, नाही कुठे म्हटलं मी? आजोबाही औषध देताना पुटपुटायचे. रोगी बरे व्हायचे.

तुतनखामेनच्या सगळ्यात आतल्या शवपेटीवरच्या हाराचंच घ्या. निळ्या कुमुदाच्या पाकळ्या, कॉर्नफ्लॉवरची फुलं, ऑलिव्हची पानं, आणि खजुराच्या पानाच्या बारीक पट्ट्यांवर ओवलेली लाल फळं. ती फळं आस्कंदाची, म्हणजे आपल्या अश्वगंधाची. आजोबांच्या बरणीत तीच वनस्पती होती. (आयुर्वेदात मूळ वापरतात, फळ नव्हे. तुम्ही लिहायच्या आत मीच लिहून टाकते.) हार मेलेल्या राजाच्या गळ्यातला आहे हेही मला दिसतं. पण ज्या लोकांनी ती झाडं लावली, खुडली, ओवली, त्यांना त्यांचा गुण ठाऊक नव्हता असं मानायचं का?

कॅमोमाइलचा मुद्दा तुम्ही म्हणता तसा असेलही. १९७६ मध्ये रामसेसची ममी पॅरिसला नेली होती, त्या तपासणीत ते परागकण मिळाले, एवढंच मी लिहिलं होतं. ‘तापावर देत’ हे पुढचं वाक्य जरा घाईत आलं. त्यावर सवडीने बघू. त्याच ममीच्या नाकात मिरीचे दाणे होते, आणि मिरी आपल्या मलबारची, हे तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. वनस्पतींच्या ओळखीबद्दलही वाद आहेत, असतात.

मला खुपलं ते वेगळं. ‘चूक आहे’ असं लिहिता आलं असतं. तुम्ही ‘कोणीही’ लिहिलंत. बारा वर्षं हा ब्लॉग चालवते आहे, एका रुपयाची जाहिरात घेतलेली नाही, आणि तुमची प्रतिक्रिया मी उडवलेलीही नाही. खाली तशीच आहे, सगळ्यांनी वाचावी.

कमळाची दुरुस्ती कोणी सुचवली ते लेखाच्या शेवटी लिहायचं होतं. जागा मोकळी ठेवली आहे. नाव कळवलंत तर भरीन.