मागचा बाक, गतिरोधक आणि मणका : एका प्रतिक्रियेला उत्तर

बसच्या शेवटच्या बाकावर आदळून मणका मोडतो, या आधीच्या लेखावर एका वाचकांनी खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. गोषवारा असा : लोक पिढ्यान्‌पिढ्या एसटीच्या मागच्या बाकावर आपटत आलेत. ज्यांचं मोडतं त्यांची हाडंच ठिसूळ असतात. ड्रायव्हरने गाडी हळू घेतली की विषय संपला. आणि 'जखमीला हलवू नका' हा सल्ला पुस्तकी आहे, बस काय रस्त्यातच उभी ठेवायची?

नमस्कार. आधी ड्रायव्हरचा मुद्दा घेतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

बसची पुढची आणि मागची चाकं यांत साधारण ५.६ मीटर अंतर धरा. शेवटचा बाक मागच्या चाकांच्याही मागे, समजा २.८ मीटरवर. मागचं चाक १० सेंटीमीटर उंचवट्यावर चढलं की त्याच्या बरोबर वर बसलेला १० सेंटीमीटर उचलला जातो, शेवटच्या बाकावरचा मात्र १५. मधल्या सीटवरच्याला जेमतेम ५. एअर सस्पेन्शनने धक्का मऊ होतो, पण हे गणित तिथेही सुटत नाही. स्लीपर कोचमधल्या शेवटच्या बर्थचंही तेच.

आता वेग. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८च्या मार्गदर्शिकेतला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि गोलाकार आहे. तो ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असं धरलेलं आहे. गावाच्या वेशीवर डांबराचा ढीग ओतून जे उभं केलेलं असतं, ते जेमतेम मीटरभर रुंद. ताशी ३० च्या वेगात त्याचा अर्धा मीटर चढ ०.०६ सेकंदात संपतो. तेवढ्यात शेवटचा बाक १५ सेंटीमीटर वर. टायर आणि कमानपाटे त्यातलं काही खातात, उरलेलं बसलेल्याच्या बुडाखाली येतं. शिवाय ड्रायव्हर हळू घेतो ते पुढच्या चाकांपुरतं. पुढची चाकं उतरली की त्याच्यापुरता गतिरोधक संपला. पाय ॲक्सिलरेटरवर जातो आणि मागची चाकं वाढलेल्या वेगात चढतात. यात त्याचा उर्मटपणा असतोच असं नाही. पुढच्या सीटवर मागचा दणका जाणवतच नाही.

माणूस सीटवरून उडतो आणि खाली आदळतो. १५ सेंटीमीटरवरून पडून ५ सेंटीमीटर दबणाऱ्या फोमवर थांबला तर त्याच्या वजनाच्या सरासरी चौपट भार येतो. फोम बसून पत्रा लागलेला असेल आणि दीड सेंटीमीटरच दबत असेल तर अकरापट. खाली येताना सीट परत वर येत असेल तर त्याहून जास्त. हा भार छातीचा ताठ भाग आणि कमरेचा लवचिक भाग जिथे जुळतात तिथे, म्हणजे डी-१२ (छातीचा शेवटचा) आणि एल-१ (कमरेचा पहिला) या मणक्यांवर, एकवटतो. पाय बॅगेवर ठेवून किंवा पुढे वाकून डुलकी घेत असाल तर मणक्याची पुढची बाजू चेपते आणि तो पाचरीसारखा होतो. भार जास्त असेल तर मणका फुटून तुकडा मागे मज्जारज्जूकडे सरकतो.

हाडं ठिसूळ असली की हे कमी धक्क्यात होतं, ते कबूल. पण तुर्कस्तान आणि चिलीतल्या डॉक्टरांनी गतिरोधकावर बसमध्ये मणका मोडलेल्या प्रवाशांच्या नोंदी छापल्या आहेत, आणि 'ठिसूळ' म्हणून ती सगळी प्रकरणं निकालात काढता येत नाहीत. आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं म्हणाल तर 'बसमध्ये कंबर धरली' म्हणून महिनाभर शेक घेणाऱ्यांचा एक्स-रे कोण काढत होतं?

सीट दोन्ही चाकांच्या मधली घ्या. मागे बसावंच लागलं तर गतिरोधक दिसताच पाय फरशीवर दाबा, पुढचा दांडा धरा आणि पाठ न वाकवता बूड किंचित उचला. मांड्या धक्का झेलतात.

आता 'पुस्तकी' सल्ला. बस कडेला घ्यायची, बाकीचे प्रवासी दुसऱ्या गाडीत जाऊ शकतात. काखेत हात घालून जखमीला उठवून बसवणं, हीच सर्रास होणारी चूक. मोडका मणका बसलेल्या स्थितीत आणखी चेपतो. शेवटचा बाक बसच्या रुंदीभर सलग असेल तर तिथेच सपाट झोपवता येतं. १०८ ला फोन करून 'बसमध्ये पाठीला मार' असं स्पष्ट सांगा. कुशीवर वळवायची वेळ आली तर किमान चौघं हवेत : एक डोक्याशी, बाकीचे खांदे, कंबर आणि पाय धरून. डोक्याशी असलेल्याने आकडे मोजायचे आणि सगळ्यांनी एकदम वळवायचं. मागे संकटकालीन दार असेल तर स्ट्रेचर तिथूनच सरळ काढा. रिक्षात बसवून नेलंत तर वाटेत आणखी गतिरोधक आहेतच.

दवाखान्यात 'कंबर लचकली' म्हणू नका. 'मागच्या बाकावरून उडून आदळले' म्हणा. तपासणी त्यानुसार बदलते. एक्स-रे ठीक दिसूनही मणक्यावर टिचकी मारल्यावर कळ येत असेल तर सीटी स्कॅनचं विचारा. वयस्कर माणसाचा मणका आत्ता चेपला की जुनाच आहे, हे एमआरआयमध्ये हाडाच्या सुजेवरून कळतं. मज्जारज्जू संपतो तो याच मणक्यांच्या आसपास, आणि लघवी-शौचाच्या नसा तिथे असतात. म्हणून पाय हलताहेत एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. जांघेत बधिरपणा आहे का, लघवी झाली का, हे विचारा आणि झाली नसेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. तोवर चहा-पाणी देऊ नका. अशा माराने आतडी मंदावून पोट फुगतं, आणि शस्त्रक्रिया लागलीच तर पोट रिकामं हवं.