पोह्यांना उगाच बदनाम करू नका

पोहे-उपमा म्हणजे नुसता स्टार्च, त्याने अकराच्या सुमारास डोकं जड होतं, म्हणून ओट्स खा, असं नाश्त्यावरच्या एका लेखात म्हटलंय. अर्धं पटलं. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आराम करतानाही ऊर्जेतला साधारण २० टक्के वाटा तोच खातो. त्याला साखर लागतेच, फक्त ती हळूहळू मिळायला हवी.

पण घरचे पोहे म्हणजे नुसते पोहे थोडेच असतात? मूठभर शेंगदाणे, मटार, ओलं खोबरं, वरून लिंबू. नागपूरकडे तर हरभऱ्याची तर्री ओततात. प्रथिनं, तंतू आणि स्निग्धांश सोबत गेले की रक्तातली साखर सावकाश चढते. खरा घोळ चहा-बिस्किटाचा आहे. मैदा, साखर आणि वर गोड चहा. शाळेत शिकवते, त्यामुळे तिसऱ्या तासाला जांभया देणारी पोरं रोज बघते. विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, "बाई, चहा-बिस्कीट."

आणखी एक. लोह कमी असेल तर थकवा येतो, लक्ष लागत नाही. आपल्याकडे बायका-मुलींमध्ये हे सर्रास. लिंबातलं क जीवनसत्त्व पोह्यांतलं लोह शोषायला मदत करतं, आणि आपण लगेच वर चहा पिऊन त्यावर पाणी फिरवतो! तासभर थांबा की.

आणि थालीपिठाचं नावच नाही लेखात? भाजणीत ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद सगळं असतं. सोबत दही घ्या, ओट्सपेक्षा स्वस्तही पडेल.