सदनिका क्रमांक ४०३ पासून सावध

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, टाकी सफाईची तारीख आणि 'जिन्यात चपला ठेवू नयेत' यांच्या मधोमध, परवापासून एक कागद झळकतोय. 'सदनिका क्र. ४०३ कडे व्हायरस आढळला आहे. सभासदांनी संपर्क टाळावा.' खाली सही-शिक्का. ४०३ म्हणजे आम्ही. लिफ्टमध्ये एका माउलीने पोराला जवळ ओढलं.

झालं इतकंच, की माझ्या नावाने सगळ्यांना मेल गेला: 'थकीत बिल सोबत जोडले आहे.' खाली एक झिप फाइल. मी पाठवलेलाच नाही. नावावर क्लिक केलं की मागे भलताच पत्ता दिसतो. पाकिटावर प्रेषक म्हणून कुणीही कुणाचंही नाव टाकावं, तसला प्रकार. सेक्रेटरींना हे समजावलं. म्हणाले, "पण नाव तर तुमचंच आहे ना!" कागद काढायचा तर अर्ज द्या म्हणे. मेलवर नको, लेखी.

संध्याकाळी शेजारचे काका आले. एरवी थेट चहाच्या कपापर्यंत येणारा माणूस उंबऱ्याबाहेर थांबला.

"मशीन कुठल्या भिंतीला आहे तुझं?"

"आतल्या खोलीत. का हो?"

"आमचंही त्याच भिंतीला आहे. पलीकडून." त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली. "चार इंची घातलीय मेल्याने. नऊ इंची असती तर बोललो नसतो."

"काका, व्हायरस भिंतीतून येत नाही."

"तुझ्या बाथरूमच्या ओलीबद्दलही असंच म्हणाला होतास."

यावर काय बोलणार?

"तो मेलमधून येतो, पेन ड्राइव्हमधून येतो, नेटवर्कमधून येतो."

"म्हणजे वायफायमधून?"

"हो."

"मग आलाच म्हणायचा. नातू दिवाळीपासून तुझंच वायफाय वापरतो. बसवणाऱ्या पोराने तुझा मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवलाय, नातवाने पहिल्या फटक्यात ओळखला. हुशार आहे."

मी आवंढा गिळून विचारलं, "ती फाइल तुम्ही उघडली नाहीत ना?"

"उघडली तर! म्हटलं, बघू तरी तुझं किती थकलंय. उघडेना, म्हणून मुलाला फॉरवर्ड केली."

मे २००० मध्ये फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस सुटला होता. ओळखीच्या माणसाकडून प्रेमपत्र आल्यासारखं दिसायचं. फाइलच्या नावात वरवर साध्या मजकुराचं टीएक्सटी, खरं शेपूट व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम, आणि ते शेपूट विंडोज आपणहून लपवायचं. लोकांनी धडाधड उघडली. ज्याने केलं त्या पोराला शिक्षाही झाली नाही, कारण त्या देशात तेव्हा तसा कायदाच नव्हता. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रेमपत्राला कुणी हात लावला नसता. दुसऱ्याची थकबाकी मात्र सगळ्यांनी उघडून बघितली, याची मला खात्री आहे.

आणि एवढे पत्ते त्या चोराला मिळाले कुठून, हे कुणी विचारत नाही. सेक्रेटरी सभेची प्रत्येक सूचना सगळ्यांचे पत्ते उघडे टाकून पाठवतात. एकाचा पत्ता दुसऱ्याला न दाखवणारा बीसीसी नावाचा एक रकाना असतो, हे मी वार्षिक सभेत सांगितलं होतं. इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच आलं. त्यातल्या एका जरी घरचं मशीन सडलं, तरी अख्खी यादी बाहेर जाते. काकांचंच बघा. विंडोज ७. मायक्रोसॉफ्टने तिच्यावरून जानेवारी २०२० मध्येच हात काढून घेतला. 'अपडेटने मशीन जड होतं' हे काकांचं मत, आणि बँकेचा पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला, ठळक अक्षरात. माझ्याकडे सगळं अपडेट, अँटिव्हायरस चालू, बॅकअप वेगळ्या डिस्कवर. आणि बोर्डावर मी!

त्याच रात्री वायफायचा पासवर्ड बदलला. सकाळी सात वाजता बेल. काका, उंबऱ्याबाहेरच.

"अरे, तुझा व्हायरस गेला वाटतं. पण जाताना आमचं नेट घेऊन गेला बघ."