इंडेक्स वापरला नाही म्हणजे प्लॅनर चुकला, असं नाही

पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल जळगाव-धुळ्याकडच्या डेव्हलपर मंडळींत एक सल्ला जोरात फिरतोय: "इंडेक्स असूनही पोस्टग्रेस अख्खं टेबल वाचत असेल तर प्लॅनर चुकतोय. तो नुसते अंदाज बांधतो. सर्व्हरवर सीक्वेन्शियल स्कॅन ऑफ करून टाका." चालू सिस्टिमवर हे करणं घातक आहे, म्हणून लिहितोय. प्लॅनर म्हणजे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कुठल्या मार्गाने सोडवायची ते ठरवणारा भाग; इंडेक्स म्हणजे हवे ते रो (नोंदी) कुठे आहेत ते सांगणारी सूची; सीक्वेन्शियल स्कॅन म्हणजे अख्खं टेबल ओळीने वाचणं.

'चुकतोय' म्हणण्याआधी हिशेब मांडा. समजा, रावेर-यावल भागातल्या पीकनोंदींचं टेबल आहे: 10 लाख रो, 8 केबीची 10,000 पेजेस (एका वेळी वाचायचे तुकडे), आणि 80 टक्के रोंमध्ये पीक 'केळी'. प्लॅनर प्रत्येक मार्गाचा खर्च काल्पनिक एककांत मोजतो; त्याचे डीफॉल्ट दर असे: सलग पेज वाचायला 1, कुठलंही मधलंच पेज उचलायला 4, प्रत्येक रोला 0.01, अट तपासायला 0.0025. अख्खं टेबल वाचलं तर 10,000 + 10,000 + 2,500, म्हणजे 22,500. केळीचे रो सगळीकडे विखुरलेले असतील तर इंडेक्समार्गेही जवळपास प्रत्येक पेज उघडावंच लागतं. नुसत्या पेजेसचे 40,000 झाले. बिटमॅपने (म्हणजे इंडेक्सवरून आधी पेजेसची यादी करून) पेजेस क्रमाने घेतली तरी 8 लाख रोंचा आणि इंडेक्स वाचण्याचा खर्च वर चढतोच. हजारभरच रो असलेला 'हरभरा' मागा, हाच प्लॅनर इंडेक्स उचलेल.

अंदाज तो बांधतो, पण हवेत नाही. ॲनालाइझ ही आकडेवारी गोळा करणारी कमांड डीफॉल्ट सेटिंगला 30,000 रोंचा नमुना घेऊन कुठली व्हॅल्यू किती वेळा येते ते नोंदवते. खरी उणीव वेगळीच आहे, आणि ती मोठी आहे: दोन कॉलम एकमेकांशी बांधलेले आहेत हे प्लॅनरला आपोआप कळत नाही. समजा, 10 लाख रोंच्याच दुसऱ्या टेबलात जिल्हा नंदुरबार 10 टक्के, तालुका अक्राणी 1 टक्का असेल तर दोन्ही अटींचा गुणाकार करून तो 0.1 टक्का, म्हणजे 1,000 रो धरतो. अक्राणीचा प्रत्येक रो नंदुरबारचाच, त्यामुळे येतात 10,000. पुढे जॉइन (दुसऱ्या टेबलाशी जोडणी) असेल तर एवढ्या फरकाने नेस्टेड लूप, म्हणजे प्रत्येक रोसाठी दुसरं टेबल पुन्हा धुंडाळणं, गळ्यात पडू शकतो. यावर 2017 च्या 10 व्या आवृत्तीपासून कॉलममधला संबंध नोंदवायला लावणारी 'क्रिएट स्टॅटिस्टिक्स' कमांड आहे. ती वापरा.

सीक्वेन्शियल स्कॅन ऑफ केल्याने तो पूर्ण बंदही होत नाही. दुसरा मार्ग असेल तर फक्त टाळला जातो. तपासणीपुरतं एका सेशनमध्ये ठीक, पण अख्ख्या सर्व्हरवर केलं की केळीसारख्या प्रत्येक क्वेरीला भुर्दंड. डेटा एसएसडीवर असेल तर मधलंच पेज उचलायचा 4 चा दर 1.1 च्या आसपास आणून बघा. त्याआधी एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये (क्वेरी चालवून तिचा मार्ग दाखवणारी कमांड) अंदाजे आणि प्रत्यक्ष रो ताडून पाहा: आकडे जुळत नसतील तर पहिलं काम ॲनालाइझचं, जुळत असतील तरच दराला हात लावा.