दिकेच यांचे रौप्यपदक आणि नेमबाजीच्या भिंगांविषयीचा गैरसमज

पॅरिस ऑलिंपिक २०२४ मधली दोन छायाचित्रे शेजारी शेजारी लावून केलेला एक संदेश अजूनही व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरतो आहे. एकात तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे युसुफ दिकेच आहेत, साध्या टी-शर्टमध्ये, नेहमीचा चष्मा लावून आणि एक हात खिशात घालून. दुसऱ्यात दक्षिण कोरियाची किम ये-जी आहे, जिच्या एका डोळ्यापुढे भिंग आणि दुसऱ्यापुढे झापड आहे. मजकुराचा आशय असा : इतरांनी नेमाची आधुनिक यंत्रे लावली, या माणसाने काहीही न वापरता, सहज येऊन सुवर्णपदक नेले, म्हणजे अंगात कौशल्य असेल तर उपकरणे लागतच नाहीत. यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे.

पहिली गोष्ट पदकाची. दिकेच यांना १० मीटर एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात रौप्य मिळाले आणि तेही एकट्याला नव्हे, तर शेव्वाल इलायदा तारहान हिच्या जोडीने. अंतिम सामना सर्बियाच्या झोराना अरुनोविच आणि दामिर मिकेच यांनी १६-१४ असा जिंकला. आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांचे कांस्यपदक याच स्पर्धेतले. ज्या किम ये-जीला भिंगवाली म्हणून खाली दाखवले जाते, तिनेही महिलांच्या वैयक्तिक १० मीटर प्रकारात रौप्यच मिळवले.

आता 'काहीही न वापरता' या शब्दांकडे वळू. दिकेच यांच्या हातातल्या पिस्तुलावर नेम धरण्याचे साधन होतेच, आणि ते बाकीच्यांच्या पिस्तुलावर होते त्याच जातीचे : मागे खाच असलेली रिअर साइट आणि पुढे नळीच्या टोकाशी उभी पट्टी, म्हणजे फ्रंट साइट. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पिस्तुलाला फक्त अशी उघडी साइटच चालते. दुर्बीण, लेझर किंवा काचेवर लाल ठिपका दाखवणारी रेड डॉट साइट यांपैकी काहीही चालत नाही, आणि भिंग पिस्तुलावर बसवण्यासही मनाई आहे. ते नेमबाजाने डोळ्यावरच लावायचे असते.

या साध्या दिसणाऱ्या साधनात किती बारकावा आहे, ते आकड्यांत पाहता येते. दोन्ही साइटमधले अंतर ३३० मिलिमीटर धरले आणि फ्रंट साइट खाचेच्या मध्यापासून केवळ १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर बाजूला जातो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर आहे, म्हणून त्या एका मिलिमीटरने दहाचे सात होतात. याउलट दोन्ही साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या असतील आणि हात सगळाच्या सगळा ५ मिलिमीटर हलला, तर छर्राही तेवढाच सरकतो आणि दहा गुण कायम राहतात. म्हणूनच पिस्तूल नेमबाज लक्ष्याकडे नव्हे, तर फ्रंट साइटकडे नजर स्थिर ठेवतो आणि लक्ष्याचे काळे वर्तुळ मुद्दाम धूसर राहू देतो.

भिंगाचे काम नेमके इथे आहे. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो आणि फ्रंट साइट डोळ्यापासून हातभर अंतरावर असते. नेमबाजीच्या चष्म्यातले भिंग लक्ष्य मोठे करून दाखवत नाही किंवा नेमही धरत नाही. ते फक्त त्या अंतरावरची पट्टी रेखीव दिसेल एवढी नजर दुरुस्त करते. शिवाय नेमबाज लक्ष्याला अंग तिरके करून उभा असल्याने साध्या चष्म्यात त्याची नजर काचेच्या कडेतून जाते, तर नेमबाजीच्या फ्रेममध्ये भिंग वळवून नजर त्याच्या मध्यातून नेता येते. भिंगापुढचा आयरिस हा लहान-मोठा करता येणारा गोल पडदा आहे. कॅमेऱ्याचे छिद्र बारीक केल्यावर जवळचे आणि दूरचे दोन्ही अधिक स्पष्ट येते, तोच परिणाम तो साधतो. दुसऱ्या डोळ्यापुढच्या झापडीला ब्लाइंडर म्हणतात आणि नियमाने तिची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. एक डोळा बराच वेळ मिटून धरला की चेहऱ्याचे स्नायू आखडतात. ती झापड हा ताण वाचवते, बाकी काही नाही. दिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतात, त्यामुळे त्यांना तिची गरज नव्हती. नजर सुधारणारी काच मात्र त्यांच्याही डोळ्यांवर होती, आणि कानांत पिवळे इअरप्लगही होते, हे त्याच छायाचित्रात दिसते.

खिशातल्या हाताला बेफिकिरी समजणे हेही अज्ञानच आहे. पिस्तूल एका हातानेच धरायचे असल्यामुळे मोकळा हात लोंबकळून शरीर हलू नये म्हणून तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात. तारहान हिचाही हात खिशातच होता. आणि 'सहज येऊन' म्हणावे, तर दिकेच २००८ च्या बीजिंगपासून प्रत्येक ऑलिंपिक खेळले आहेत. पॅरिस हे त्यांचे पाचवे. २०१४ मध्ये ग्रानादा येथे ते जागतिक विजेते झाले होते. इतक्या वर्षांच्या सरावाला योगायोग ठरवणे हा त्यांच्या मेहनतीचा अपमान आहे.

'उपकरणे लागत नाहीत' हा निष्कर्ष रायफलला लावून पाहिला, तर तो अधिकच तोकडा पडतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने त्याच ऑलिंपिकमध्ये, १ ऑगस्टला, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे पिस्तुलाच्या लक्ष्याहून लहान आणि पाचपट दूर. तिथे उघडी खाच पुरत नाही, म्हणून मागे बारीक छिद्राची डायॉप्टर साइट आणि पुढे गोल कडे असते. कड्याच्या आत काळे वर्तुळ मध्यभागी आणायचे असते. दुर्बीण इथेही निषिद्धच आहे. त्या छिद्रातून पाहूनही घोडा कधी दाबायचा, हे नेमबाजालाच ठरवावे लागते.

हा संदेश वाचून रेंजवर आलेला पालक मुलीच्या भिंगाला किंवा झापडीला 'नसते लाड' म्हणतो, तेव्हा वाईट वाटते. दिकेच यांना जे लागले नाही ते तिलाही लागणार नाही, असे कोणतेही छायाचित्र सिद्ध करू शकत नाही. भिंग हवे की नको, आणि हवे तर किती नंबरचे, हे तिची नजर तपासून, फ्रंट साइटचे अंतर मोजून आणि प्रशिक्षकाला विचारून ठरवायचे असते.